बागेतला दगड

१२ मार्च

डॉक्टरांनी रक्तदाबावर दोन गोळ्या दिल्या आणि तिसरं औषध म्हणून ही वही. म्हणाले, "माणसांवर ओरडायचं ते कागदावर ओरडा. कागद रजेवर जात नाही." बायको म्हणाली, "वही कशाला? इतकी वर्षं मी होतेच की." तर हा पहिला डोस.

आजपासून मी पूरधोका नकाशा कक्षाचा समन्वयक. ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही अशा सगळ्यांची तोंडं बघतो, त्याला समन्वयक म्हणतात. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, आणि उठताना डोकं आपटू नये म्हणून आधीच्या माणसाने लावलेली सूचना. ती डोकं आपटल्यावरच दिसते.

काम ऐकायला सोपं आहे. सगळ्या खात्यांकडून नदीची, जमिनीची, रस्त्यांची, घरांची मापं गोळा करायची, एकमेकांवर बसवायची आणि पावसाआधी शहराचा नकाशा रंगवायचा. नदी फुगली तर जिथे पाणी शिरेल ते निळं, बाकी हिरवं. इशारा झाला की निळ्या भागात बस जाणार आणि माणसं शाळांमध्ये हलवणार. हिरव्या भागात कुणी जाणार नाही. तेवढ्या बसच नाहीत.

संध्याकाळी ताईचा फोन. माझी थोरली बहीण; नदीकाठच्या खालच्या आळीत पाळणाघर चालवते. पंचवीसेक मुलं, तळमजला.

"बारक्या, वरच्या रस्त्यावरच्या शिंप्याचा हॉल रिकामा होतोय. मेअखेर सांग म्हणाला. घेऊ का?"

पन्नाशी उलटली तरी मी बारक्याच.

"नकाशा होऊ दे. मग सांगतो."

"तुझा नकाशा होईस्तोवर मुलं कॉलेजात जातील."

२३ मार्च

दहा दिवस दारोदार फिरलो. रस्ते खात्याने रस्ते दिले. नकाशावर टाकले तर सगळे शिस्तीत एका दिशेला सरकले आणि नदीत पोहायला लागले. फोन केला. म्हणाले, आमचे रस्ते बरोबर आहेत, तुमची नदी तपासा. घरपट्टीवाल्यांनी घरं दिली, पण ती इतकी जुनी की मी राहतो ती इमारत त्यात नाही. बायकोला सांगितलं, सरकारी हिशेबाने आपण सध्या गवतात राहतो. गटारवाल्यांनी भिंतीवरच्या नकाशाचा मोबाईलवर फोटो काढून पाठवला. फोटोत कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा आहे. अंगठ्याखाली तीन वॉर्ड आहेत.

पाटबंधारे खात्यातले इंजिनियर, ज्यांना सगळे धरणकाका म्हणतात, त्यांनी तर नदीच्या पाण्याची मापं गोपनीय असल्याचं कळवलं. नदी पुलावरून कुणालाही फुकट दिसते, हे मी उत्तरात लिहिलं होतं. मग खोडलं. वही आहे म्हणून इथे लिहितो.

४ एप्रिल

ऑफिसात सुशोभीकरण. मोठे पाहुणे येणार आहेत म्हणून भिंतींना रंग, कुंड्यांना रंग. मी जरा वेळ स्वस्थ बसलो असतो तर मलाही लागला असता. मुख्य दाराच्या पायऱ्या चढून गेलं की वर डाव्या हाताला एक जुना दगड होता, आकडे कोरलेला. मी इतकी वर्षं येताजाता त्याला टेकून बुटाची नाडी बांधली. आमच्या साहेबांना तो एकदम 'वारसा' वाटायला लागला. त्यांनी तो उपटून खाली बागेत नेला, भोवती फुलं लावली, आकड्यांत सोनेरी रंग भरला. पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली. पाहुणे म्हणाले, आपली मुळं जपली पाहिजेत. मुळासकट उपटलेल्या वस्तूविषयी हे वाक्य मला आवडलं.

माझी मात्र सोय झाली. दगडाचा माथा सपाट आहे, चहाचा कप छान राहतो.

२१ एप्रिल

आजचा दिवस चांगला गेला, त्यामुळे डॉक्टरांच्या मते लिहायची गरज नाही, तरी लिहितो.

जमिनीच्या उंचीचा प्रश्न सुटला. तिथेच सगळं घोडं अडलं होतं. जमीन किती उंच हे माहीत नसेल तर पाणी कुठे चढेल ते काय सांगणार, कपाळ? साहेबांनी बाहेरची कंपनी नेमली होती. तिचा माणूस आज रिपोर्ट घेऊन आला. भर उन्हात टाय. त्यांनी विमानातून लेझर टाकून सगळ्या शहराची जमीन मोजली आहे.

मी विचारलं, "पण उंची मोजायची कशापासून? कुठूनतरी सुरुवात लागतेच ना?"

टायवाला हसला. "ती तर तुमच्याच अंगणात आहे, सर. समुद्रापासून हा माथा इतका उंच, असं कोरलेला सर्वेचा दगड. आमची मुलं तिथूनच मोजत निघाली. लेझरची सगळी मापं त्याच दगडाशी जुळवून घेतली."

म्हणजे मी ज्यावर कप ठेवतो तो शहराच्या सगळ्या उंचीचा बाप निघाला. उद्यापासून बशी वापरीन. इतके दिवस दारोदार हिंडलो आणि लागणारी एक वस्तू आपल्याच बागेत, फुलांत बसलेली सापडली. काखेत कळसा म्हणतात तो हा.

६ मे

बैठक. धरणकाकांनी अखेर नदीची मापं दिली, आणि देताना भांडण फुकट दिलं.

"तुमच्या रिपोर्टात पुलाची उंची आमच्यापेक्षा मीटरभर जास्त आहे," ते म्हणाले. "नुसता पूलच नाही, धक्का, पंपघर, सगळंच मीटरभर वर. शहर काय खताने वाढतंय का?"

टायवाला म्हणाला, "काका, तुमची मापं कधीची?"

"माझ्या साहेबांच्या साहेबांची."

"आमची गेल्या महिन्याची. विमानातून."

"विमानातून पूल बघितला की तो उंच होतो?"

साहेबांना वाद आवडत नाही. त्यांनी दोन्ही बाजूंना बिस्किटं सरकवली आणि निर्णय दिला की जे नवीन ते ग्राह्य. धरणकाकांनी आक्षेप नोंदवायला सांगितला. मी नोंदवला. आमच्याकडे आक्षेप नोंदवला की तिथेच त्याचं निधन होतं.

मी तंत्रज्ञ नाही, पण मला टायवाल्याचं पटलं. जिन्याखाली येऊन दोन्ही मापांनी नकाशा करून पाहिला. धरणकाकांच्या मापांनी नदीकाठ सगळा निळा होतो, खालची आळी तर सगळ्यांत आधी. नव्या मापांनी निळा रंग आळीच्या तोंडाशी थांबतो. थांबतो म्हणजे अगदी अदबीने, घराबाहेर चप्पल काढल्यासारखा. उगाच अर्धं शहर निळं करून लोकांना घाबरवण्यात काय शहाणपण? शास्त्राने जे सांगितलं ते घ्यावं. माझी बहीण तिथे आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आज बऱ्याच दिवसांनी झोप चांगली लागेल असं वाटतं.

२५ मे

नकाशा छापून आला. पहिली प्रत घेऊन आळीत गेलो. ताईला हिरवा रंग दाखवला.

ती चष्मा लावून बघत बसली. "मागे एकदा पाणी उंबऱ्याला लागलं होतं रे."

"तेव्हा मोजमाप नव्हतं. आता विमानातून मोजलंय."

"मग हॉल सोडू?"

"सोड. इथेच राहा."

"तुझ्या भरवशावर हं, बारक्या."

पाळणाघरात आज वेगळाच गोंधळ. भिंतीवर मुलांची उंची मोजायचा कागदी जिराफ लावलाय; पाय फरशीपासून वीतभर वर, मानेवर आकडे. या महिन्यात सगळीच्या सगळी मुलं चार बोटं वाढली. आयांना आनंद झाला, एकीने तर ताईच्या खिमटीचं कौतुक केलं. मग ताईच्या लक्षात आलं की गोंद सुटून जिराफच भिंतीवरून खाली घसरलाय. आकडे खाली उतरले, मुलं होती तिथेच. आता तिने जिराफ काढून टाकलाय आणि दाराच्या चौकटीवर जमिनीपासून पट्टीने खुणा केल्यात. म्हणते, "फरशी कुठे जात नाही." मी पोट धरून हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली.

निघताना शेजारच्या इस्त्रीवाले काकांकडे दोन शर्ट टाकले. त्यांचं दुकान आळीपेक्षा दोन पायऱ्या खाली. एका पायाने अधू, पण इस्त्रीच्या घडीला असे कडक की शर्ट घालताना कागद फाडल्यासारखं वाटतं. त्यांनी नकाशाची प्रत मागून घेतली आणि भिंतीवर चिकटवली.

"सरकारी शिक्का आहे का त्यावर?"

"आहे."

"मग झालं. दरवर्षी जीव टांगणीला असतो, साहेब. आता शिक्काच आहे."

९ ऑगस्ट

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही झालं नाही; इस्त्रीचे शर्टही आणायचे राहिले. नकाशाबद्दल आमच्या कक्षाचा सत्कार झाला, आणि जिन्याखालच्या खोलीला दुसरी खिडकी मंजूर झाली. पहिली कुठे आहे ते कुणी विचारलं नाही.

चार दिवस पाऊस. धरणातून पाणी सोडणार असं आज कळलं. निळ्या भागात बस उभ्या राहिल्यात. सगळं आखल्याप्रमाणे चाललंय, आणि तेच मला सहन होत नाही. आमच्याकडे सगळं आखल्याप्रमाणे कधी चालत नाही.

११ ऑगस्ट

हे लिहितो, नाहीतर मी कुणालातरी मारीन.

सकाळी पुलाजवळून आलो. पाण्याची पट्टी धरणकाकांच्या माणसाने वाचून दाखवली. तेवढ्या आकड्याला माझ्या नकाशात धक्का कोरडा असायला हवा. धक्का दिसतच नव्हता. पाण्याच्या वर नुसती दोर बांधायच्या खुंट्यांची टोकं दिसत होती.

ऑफिसात शिरलो. बागेत पाणी साचलंय. दगड आकड्यापर्यंत बुडालेला, सोनेरी रंग पाण्यात हलताना दिसला. मी पायऱ्या चढलो. वर, डाव्या हाताला, जिथे मी इतकी वर्षं नाडी बांधली तिथे कोरडं ठक्क होतं. सगळीकडे नवी फरशी बसवलीय.

मी वर उभा होतो आणि दगड खाली होता. मध्ये पायऱ्या. माझ्या कमरेएवढ्या.

जिराफ.

जिराफ खाली घसरला आणि सगळं शहर मीटरभर वाढलं. आणि मी दोन महिन्यांपूर्वी पोट धरून हसलो होतो.

साहेबांकडे धावलो. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"दगड मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते बसवलाय," ते म्हणाले. "तो चुकीच्या जागी आहे असं लेखी म्हणायचं?"

"दगड खड्ड्यात जाऊ दे, साहेब. खालची आळी निळी आहे. बस पाठवा."

"कुठल्या आधारावर? मंजूर नकाशात ती हिरवी आहे. तुमचीच सही आहे."

"मग माझी सही चूक आहे."

"असं करा, टिपण द्या. उद्या समिती बोलावतो. पाटबंधाऱ्यांनाही बोलावू, म्हणजे नंतर बोल नको."

टिपण लिहिलं. आयुष्यात इतकं छोटं टिपण मी कधी लिहिलं नव्हतं. साहेबांनी त्यात शुद्धलेखनाची एक चूक काढली.

बाहेर येऊन ताईला फोन केला.

"मुलांना घरी पाठव. आत्ता. आणि तू आमच्याकडे ये."

"काय झालं?"

"नकाशा चुकलाय."

पलीकडे मुलं गाणं म्हणत होती.

"किती?"

"कमरेएवढा."

"तुझ्या की मुलांच्या?"

त्यावर मी म्हणालो, आणि तेच वाक्य इथे जसंच्या तसं लिहितो: "कुणाला बोलू नकोस इतक्यात. अजून अधिकृत नाही. उगाच घबराट होईल."

"बारक्या, आळीत एवढी माणसं आहेत."

"मी वर टिपण दिलंय, ताई."

तिने फोन ठेवला. दुपारी मुलं गेली, तीही आमच्याकडे पोहोचली. चिंब भिजलेली. बायकोने टॉवेल दिला. ताई माझ्याशी बोलत नाहीये. धसका घेतला असेल.

१२ ऑगस्ट

पहाटे आळीत पाणी शिरलं. समिती साडेअकराला आहे.

बस दोन वॉर्ड पलीकडे, निळ्या भागात उभ्या होत्या. रिकाम्या. तिथे पाणी आलंच होतं, माणसं आधीच निघाली होती. ड्रायव्हर वरच्या रस्त्याने घेऊन यायला तयार होते, पण त्यांच्या हातातल्या यादीत आळी नव्हती. यादी माझी.

१५ ऑगस्ट

ताई अखेर बोलली. तिने माझं ऐकलं नव्हतं. मुलांना पाठवून ती आळीत घराघरात गेली होती, म्हणून भिजली होती. निम्मी माणसं उठली. बाकीच्यांनी तिला तिच्याच भावाचा नकाशा दाखवला.

"काकांच्या दुकानात उभी राहून भांडले मी," ती म्हणाली. "त्यांनी भिंतीकडे बोट केलं. म्हणाले, बाई, तुमच्या भावाने स्वतः दिलाय. शिक्का बघा. आणि लोकांचे कपडे आहेत माझ्याकडे, ते टाकून कसा जाऊ?"

काका काल सापडले. दुकानातच. दोन पायऱ्या खाली होतं ते.

मी म्हणालो, "तू सांगितलंस ना त्यांना."

"मी सांगितलं. पण मी तर नुसती मुलं सांभाळणारी बाई. तू का नाही सांगितलंस? त्यांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

आहे. 'इस्त्री' या नावाने. फोनच्या यादीत ताईच्या बराच वर येतो.

२ सप्टेंबर

समितीचा निष्कर्ष आला: नकाशा योग्य होता, पाण्याने अपेक्षित मर्यादेचं पालन केलं नाही. धरणकाका वाचून म्हणाले, "पाण्याला नोटीस काढा." कुणी हसलं नाही, ते स्वतःही नाही.

दगड मात्र गाजावाजा न करता पूर्ववत करायचं ठरलं. आज सकाळी मजूर तो पायऱ्यांवर घेऊन आले. पण तो नेमका कुठे होता? पायरीवरची फरशी सुशोभीकरणात सगळी बदललेली. साहेबांनी दाराजवळची जागा दाखवली. शिपाई म्हणाला, कठड्याला लागून होता, आणि बराच वर उचललेला. मी माझी जागा दाखवली, जिथे नाडी बांधायचो. तीन जागा, तीन उंच्या. मी म्हणालो, धरणकाकांच्या पुलापासून मोजत येऊ, एका दिवसाचं काम आहे, तोवर बसवू नका.

साहेब म्हणाले, "आता पुन्हा वाद नको." आणि तिन्हींच्या बरोबर मधोमध बसवायला लावला. सिमेंट ओलं असतानाच पंचनाम्यावर सही करायला मला बोलावलं. मी पेन आणतो म्हणून निघालो आणि आळीत गेलो.

पाळणाघर रिकामं आहे. ताई खराट्याने चिखल काढत होती. शिंप्याचा हॉल केव्हाच दुसऱ्याला गेला. भिंतीवर गाळाची रेघ आहे, सरळ, कुणी पट्टीने ओढावी तशी. दाराच्या चौकटीवर मुलांच्या खुणा अजून दिसतात. चिमणी, ढब्बू, दोघी जुळ्या. मी गुडघ्यावर बसून फरशीपासून मोजायला लागलो. सगळ्यांत उंच मुलाची खूण सापडली. गाळाची रेघ तिच्याही वर होती.

ताई खराटा थांबवून बघत होती. "झालं मोजून?"

"हो."

"बरोबर आलं?"

"हो."

ती आत गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली.

"काकांच्या दुकानातून निघालं. त्यांनी लोकांचे सगळे कपडे छताच्या हुकाला टांगून ठेवले होते. तुझं नाव आहे त्यावर."

घरी येऊन उघडलं. दोन्ही शर्ट कोरडे. एकही घडी मोडलेली नाही.